दिव्याखालचा भेक

वसईच्या आमच्या वाडीत पाऊस आत्ता कुठे उघडलाय. पागोळ्या अजून गळताहेत, मागच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यात, बेडकांचा एकच गलका चाललाय आणि ओट्यावरच्या दिव्याभोवती वाळवीच्या पाखरांनी गर्दी केलीय. दिव्याच्या बरोबर खाली, ओल्या लादीवर, एक चांगला मोठा भेक, बेडकाचाच एक प्रकार, येऊन बसलाय. पाठ खरखरीत, फोडांची टोकं काळी, डोळ्यांच्या वरून नाकाकडे उतरत गेलेल्या काळ्या कडा. नातू मोबाइल घेऊन त्याच्यासमोर पालथा पडलाय.

"आजोबा, हलू नका. तो बघतोय."

एक पाखरू खाली पडतं, पंख टाकतं आणि निपचित राहतं. ते भेकाच्या तोंडापासून जेमतेम चार बोटांवर आहे, पण भेक ढिम्म. पाखरू सरपटू लागतं तेव्हा तो एकदम सावध होतो. धड वळतं, पुढे झुकतं, मागच्या पायाचं लांब बोट थरथरतं. मग नुसता 'टप्' असा आवाज. लादीवर पाखरू नाही. जीभ आम्हा दोघांनाही दिसलेली नाही.

हलेल तेच त्याचं भक्ष्य. १९५९ साली जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यावर जो निबंध लिहिला, त्यात हेच आहे: लहानशा हलत्या वस्तूची निवड डोळाच करतो आणि ती बातमी मेंदूला धाडतो. मेलेल्या माश्या भोवती पसरल्या तरी बेडूक उपाशी मरेल.

नातू चित्रफीत संथ करून लावतो. सेकंदाला २४० चित्रं. आता दिसतं. खालचा जबडा झटक्यानं उघडतो आणि जीभ उलटून बाहेर फेकली जाते. आपली जीभ मागे बांधलेली. याची जबड्याच्या पुढच्या टोकाशी बांधलेली आणि मोकळं टोक घशाकडे. ती गुलाबी, ओली जीभ पाखरावर आदळते, पसरते, त्याला लपेटते आणि परत फिरते. नातू पुन्हा लावतो. पुन्हा.

चिकटतं कसं, ते अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये उलगडलं. बेडकाची जीभ माणसाच्या जिभेपेक्षा सुमारे दहापट मऊ असते, म्हणून ती किड्याच्या अंगावर सपाट बसते. लाळ एरवी मधासारखी दाट; आदळण्याच्या क्षणी ती पातळ होऊन किड्याच्या खाचाखोचांत शिरते आणि जीभ मागे फिरताना पुन्हा दाट होऊन त्याला धरून ठेवते. पकड ०.०७ सेकंदाच्या आत पुरी होते. मग एवढं घट्ट चिकटलेलं सुटावं कसं? भेकाकडे बघा. तो डोळे मिटतोय, आणि ते डोळे नुसते मिटत नाहीत, डोक्यात खाली जाताहेत. डोळ्यांचे गोळे आतून टाळूवर दाबले जातात, घास घशाकडे सरकतो. त्या रेट्यानं लाळ पुन्हा पातळ होते आणि किडा सुटतो. गिळायला डोळे! हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समोर बघताना अंगावर काटा येतो.

जीवशास्त्र याचा उलगडा उत्क्रांतीनं करतं, आणि नातू शाळेत तेच शिकतो. त्यानं ते नीट शिकावं. मी मात्र देवाला मानणारा माणूस आहे. जबडा, जीभ, लाळ, डोळा हे सगळं एका घासासाठी असं एकमेकांना धरून चालताना दिसलं की मला त्यामागे करणाऱ्याचा हात दिसतो. प्रयोगशाळेत हे सिद्ध करून दाखवता येणार नाही. ती माझी श्रद्धा आहे, आणि लाळेचं गणित समजल्यावर ती उणावलेली नाही, वाढलीच आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात देव सरपटणाऱ्या जिवांकडेही बघतो आणि ते त्याला चांगलं वाटतं. हा फोडांच्या अंगाचा, कुणालाही नकोसा वाटणारा भेक त्यात आलाच.

भेक वळतो, दुसऱ्या पाखराकडे सरकतो. याची अंडी बावखलासारख्या साचल्या पाण्यात वाढतात, आणि आमच्या भागातली बावखलं एकेक करून मातीनं बुजवली जाताहेत. बुजवणाऱ्यांत देवळा-चर्चला न चुकता जाणारेही आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: निर्माता मानत असाल, तर त्याचं पाणी बुजवू नका.