चाकांवरचे घर आणि सोबत मुले

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी तीच चर्चा सुरू होते. गावी जायचे की कुठे फिरायला? अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे, कॅराव्हॅन घ्यायची का? झोपायला गाद्या, छोटे स्वयंपाकघर, शौचालय, सगळे एकाच गाडीत. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आता पुण्या-मुंबईत अशा गाड्या ड्रायव्हरसह भाड्याने मिळतात. आम्ही दोघे, तीन मुले आणि त्यांची दादी असे सहा जण या गाडीने कोकण किनारा फिरून आलो. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांच्या उपयोगाचे काही सांगतो.

सर्वांत आधी मुलांशी एक गोष्ट पक्की करा. गाडी थांबलेली असेल तेव्हा ती घर आहे. चाके फिरू लागली की ती फक्त वाहन. आत गादी दिसते म्हणून मुले चालत्या गाडीत लोळतात, ओट्यापाशी उभी राहतात, आणि मोठेही 'राहू दे, सुट्टी आहे' म्हणतात. ताम्हिणीच्या एका वळणावर जोराचा ब्रेक लागला तर तेच मूल समोरच्या कपाटावर आदळेल. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा लहान मुलांचे आसन नसेल तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाचे सोडा. गाडी ठरवतानाच मागच्या प्रत्येक आसनाचा पट्टा स्वतः ओढून, लावून पाहा. गाडीत सहा जणांना झोपायची सोय असते, पट्टे मात्र चारच असतात, असेही आढळते. अशी गाडी कितीही सजवलेली असो, घेऊ नये.

दुसरी गोष्ट गॅसची. स्वयंपाक गाडी थांबल्यावरच करावा, खिडक्या उघड्या ठेवून. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली, मुले जिथे खेळत बसतात तिथेच साचतो. कोळशावर कबाब भाजण्याची हौस सगळ्यांनाच असते. भाजा, पण पावसाची सर आली म्हणून निखाऱ्यांची शेगडी आत आणू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. बंद गाडीत झोपलेल्यांना जागही येत नाही. आणि थांबलेल्या बंद गाडीत मुलाला 'पाच मिनिटांसाठी' एकटे सोडणे कोकणच्या उन्हात कधीच नको.

आता अंतराचे. नकाशावर किनारा छोटा दिसतो. खाड्या आणि घाट त्याला लांब करतात. मुले सोबत असताना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवू नये, असे आमचे मत आहे. आम्ही पहिल्या दिवशी ताम्हिणी, माणगावमार्गे श्रीवर्धन गाठले आणि दुसऱ्या दिवशी हललोच नाही. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला, मग दापोलीकडे, दाभोळहून पुन्हा बोटीने धोपाव्याला आणि गुहागर. बोटीत गाडी चढते हेच मुलांना सर्वांत आवडले. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त असतो, लांब गाडीचा मागचा भाग घासतो. भरती-ओहोटीची वेळ आणि शेवटची फेरी धक्क्यावर आधीच विचारावी. गाडी चढताना मुलांना उतरवून हात धरून चालत न्यावे. दाभोळला आदिलशाही काळातली अंडा मशीद आहे, ती दाखवायला तासभर राखून ठेवा. पाठ्यपुस्तकातली आदिलशाही तिथे हाताला लागते.

घाटात उलटीचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त. मोबाइल आणि पुस्तक बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, पोटात कोरडे काही. आम्ही खजूर, भाजलेले चणे आणि खाऱ्या पुऱ्या देतो.

पाण्याचा हिशेब शाळेतल्या गणितासारखा आहे. वीस लिटरची बादली, सहा माणसे. एका अंघोळीतच एकशे वीस लिटर. म्हणून अंघोळ मुक्कामाच्या जागी उरकावी. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे येथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. रात्री गाडी आवारात उभी करता येईल का, हे फोनवर आधी विचारून घ्यावे. टाकीचे पाणी वुजू, तहारत आणि भांड्यांपुरते. पिण्याचे वेगळे. लोटा घरून न्या, भाड्याच्या गाडीत तो नसतो!

प्रवासात जोहर, असर आणि इशाच्या चारऐवजी दोन रकात फर्ज. फजर आणि मगरिब तशीच. कोकणात बहुतेक शाफई, आपण हनफी असू, तर अंतर आणि दोन नमाजा एकत्र करण्याचे नियम वेगळे पडतात. निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारावे. किबला शोधण्याचे काम मुलांना द्या. समुद्र पश्चिमेला, किबला त्याच्या जरा उजवीकडे. आमची धाकटी दुसऱ्या दिवसापासून सर्वांच्या आधी जानमाज अंथरू लागली.

एक गोष्ट मात्र घरातल्या पुरुषांना सांगायलाच हवी. गाडीत स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर तिन्ही वेळचा स्वयंपाक आपोआप अम्मीच्या अंगावर येतो, आणि बाकी सगळे समुद्रावर. मग तिची सुट्टी कुठली? आमच्याकडे निघण्यापूर्वीच कागदावर पाळ्या लिहिल्या. सकाळचा चहा-नाश्ता अब्बू, भांडी मोठी दोघे, दस्तरखान घालणे-उचलणे धाकटी, आणि दुपारचे जेवण गावातल्या खानावळीत. दादीने मासे निवडण्याचे काम स्वतःहून मागून घेतले, ते आम्ही नाकारले नाही.

ड्रायव्हरची झोप विसरू नका. गाडीतल्या सगळ्या गाद्या आपण घेतल्या तर तो कुठे झोपणार, हे आधी ठरवा. त्याच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसे करारात लिहून घ्या. शौचालयाची टाकी कोण आणि कुठे रिकामी करणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.