मशीनच्या मापाचा सँडिंग बेल्ट मिळत नाही?

जुनं मशीन किंवा घरी बनवलेला ग्राइंडर असेल, तर तयार मापाचा बेल्ट सहसा बसत नाही. काळजी नको, मोठ्या रोलमधून हव्या मापाचे बेल्ट बनवून देणारे असतात.

📏 लांबी: जुना बेल्ट सांध्यावर कापून सरळ मोजा. तो नसेल आणि पुली दोनच, सारख्या असतील, तर त्यांच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट + ३.१४ × पुलीचा व्यास. अंतर ५०० मिमी, व्यास १०० मिमी असेल तर लांबी १३१४ मिमी. टेन्शनर मधोमध ठेवूनच मोजा.

🪵 बेल्टवरचा घासणारा थर: लाकडाला ॲल्युमिनियम ऑक्साइड, स्टीलला झिर्कोनिया, दगड-काचेला सिलिकॉन कार्बाइड.

ऑर्डर देताना रुंदी, लांबी, ग्रिट आणि सांध्याचा प्रकार लिहूनच द्या. आधी एकच बेल्ट मागवा, लावून बघा, मगच डझनभर घ्या.