छत्रदान : छत्री कोणाच्या हाती जाणार?

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त. चैत्रात पाळण्यात बसलेली गौर या दिवशी निरोप घेते, महिनाभर चाललेल्या हळदीकुंकवांची सांगता होते, खानदेशात आखाजीची घागर भरली जाते आणि पितरांच्या नावे घरोघरी उदककुंभाचे दान होते. अक्षय्य तृतीयेस दिलेले दान क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. या दिवसासाठी सांगितलेल्या दानवस्तूंकडे पाहिले, तर त्या किती विचारपूर्वक निवडल्या आहेत हे ध्यानात येते. पाण्याने भरलेला कुंभ, विंझणा, पन्हे, पादत्राणे आणि छत्र. वैशाखवणव्यात पायी चालणाऱ्या माणसाला जे जे हवेसे वाटेल, तेच या यादीत आहे.

यांपैकी कुंभ निवडण्यास फारसे कौशल्य लागत नाही. न पाझरणारा, नीट भाजलेला माठ पाहिला म्हणजे झाले. विंझण्याचेही तसेच. छत्रीचे मात्र निराळे आहे. ती उघडणारा हात कोणाचा, तो माणूस पायी चालतो की सायकलवर फिरतो, त्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात की एक मोकळा राहतो, यावर छत्रीची उपयुक्तता ठरते. छत्रदान करणाऱ्या घरांत हा विचार अभावानेच होतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने.

रेणुकेचे ऊन

छत्रदानाचे मूळ सांगणारी कथा महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. श्राद्धादी पुण्यकर्मांत छत्र व उपानह देण्याची चाल कोणी पाडली, असे युधिष्ठिराने विचारले असता भीष्माचार्यांनी ती सांगितली. जमदग्नी ऋषी धनुर्विद्येचा सराव करीत होते आणि सोडलेले बाण वेचून आणण्याचे काम रेणुकामाता करीत होती. ज्येष्ठातील सूर्य माथ्यावर आला. भूमी तापली, मस्तक तापले आणि ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली. परतण्यास विलंब का झाला, असे ऋषींनी विचारताच तिने खरे कारण सांगितले. जमदग्नींचा कोप थेट सूर्यावर वळला. त्यांनी धनुष्याला बाण लावला. सूर्यदेव ब्राह्मणवेषाने सामोरे आले, अखेरीस शरण आले आणि मस्तकाच्या रक्षणासाठी छत्र व पायांच्या रक्षणासाठी पादत्राणे त्यांनी ऋषींच्या हाती दिली.

परशुराम हे याच दांपत्याचे पुत्र, आणि त्यांची जयंतीही वैशाख शुद्ध तृतीयेचीच. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री जन्मोत्सवाला जाणाऱ्या आणि माहूरच्या गडावर रेणुकेचे दर्शन घेणाऱ्या भाविकांना ही कथा अपरिचित नसावी. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. छत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजचिन्ह उभे राहते, इ. स. १६७४ मध्ये रायगडावर धरले गेलेले छत्र उभे राहते. देवाच्या मस्तकावरील रुप्याचे छत्र किंवा पालखीबरोबर चालणारी अब्दागिरी आठवते. परंतु या कथेतले पहिले छत्र कोणाच्या वैभवासाठी आलेले नाही. काम करता करता जिचे पाय पोळले आणि डोके तापले, अशा एका गृहिणीसाठी ते आले आहे. भीष्माचार्यही पादत्राणांच्या दानाविषयी बोलताना ज्याचे पाय पोळत आहेत अशा पात्राला ती द्यावीत, असे सांगतात. दानाची वस्तू आणि घेणाऱ्याची गरज यांची सांगड शास्त्रानेच घालून दिली आहे.

भीष्मांनी वर्णिलेले दानाचे छत्र शुभ्र आहे आणि शंभर काड्यांचे आहे. आपल्या बाजारातील छत्रीला बहुधा आठ काड्या असतात, थोर आकाराच्या छत्रीला दहा, बारा वा सोळा. शंभरांचा आग्रह आज कोणी धरणार नाही. पण काड्या अधिक तितके कापड घट्ट ताणलेले आणि छत्र बळकट, हा व्यवहार त्या वर्णनात आहेच.

कापड आणि काड्या

अक्षय्य तृतीयेस दिलेल्या छत्रीला दोन ऋतूंची सेवा करावी लागते. प्रथम वैशाख-ज्येष्ठाचे ऊन आणि लगेच महिना-दीड महिन्यात मृगाचा पाऊस. या दोहोंची मागणी एक नाही. उन्हाला दाट विणीचे, गडद रंगाचे कापड चांगले. ते प्रकाश आणि त्यातील अतिनील किरणे अधिक अडविते. फिक्या रंगाचे विरळ नायलॉन डोळ्यांना सुखद दिसते, पण डोक्याला ऊन लागते ते लागतेच. पावसाला मात्र पाणी न शोषणारे, झटकताच कोरडे होणारे कापड हवे. जुन्या पद्धतीचे काळे सुती कापड उन्हात उत्तम आणि रिमझिमीतही बरे. मुसळधार पावसात ते भिजून जड होते आणि वाळण्यास वेळ घेते. शिवाय हलक्या प्रतीच्या काळ्या कापडाचा रंग पहिल्या एक-दोन सरींत उतरतो. पांढरेशुभ्र धोतर वा नऊवारी नेसलेल्या माणसाच्या हाती अशी छत्री गेली, तर दात्याची आठवण निघेल, पण पुण्यकारक शब्दांत नव्हे. खरेदीपूर्वी ओल्या पांढऱ्या रुमालाने कापडाची कड चोळून पाहावी, इतके पुरे.

दोन्ही ऋतूंसाठी एकच छत्री द्यायची असेल, तर दाट विणीचे पॉलिएस्टर, ज्याला दुकानदार पाँजी म्हणतात, आणि आतून चंदेरी वा काळा लेप दिलेले असे कापड घ्यावे. लेप कसा आहे हे घडीच्या रेषांवर कळते. तेथे तो तडकला असेल वा सुटत असेल, तर पहिल्या पावसाळ्यातच त्याचे पापुद्रे निघतील. छत्री उघडून उजेडाकडे धरली की शिवणीतील छिद्रेही दिसतात. शिवण जेथे काडीला टाक्याने बांधली आहे, तेथे बोटाने किंचित ओढून पाहावे. बहुतेक छत्र्या फाटण्यास सुरुवात तेथूनच होते.

काड्यांची परीक्षा याहून महत्त्वाची. इ. स. १८५२ मध्ये इंग्लंडातील सॅम्युअल फॉक्स यांनी पन्हळीसारख्या खोलगट पोलादी काड्या वापरात आणल्या. पत्र्याला पन्हळीचा आकार दिला की वजन न वाढता त्याची ताकद वाढते, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या पोलादी काड्याही त्याच घडणीच्या असतात. दुकानात काडी उलटी करून पाहावी. खोबण नीट खोल असेल तर ती टिकेल, चपटी असेल तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला वाकेल. पोलाद एकदा वाकले की वाकलेलेच राहते, आणि मुलामा उडाला की गंजते. फायबरच्या काड्या वाऱ्यात लवतात आणि पुन्हा सरळ होतात. कोकणकिनाऱ्यावर, जेथे आषाढातला वारा छत्री उलटी करतो, तेथे त्या उजव्या. ॲल्युमिनियमच्या काड्या हलक्या, पण दुबळ्या.

आणखी एक. दुकानदार तेवीस इंची, सत्तावीस इंची असे जे आकडे सांगतो, ते काडीच्या लांबीचे असतात, उघडलेल्या छत्रीच्या रुंदीचे नव्हेत.

पात्र पाहून छत्री

घरी पूजा सांगण्यास येणारे गुरुजी सणासुदीला या घरून त्या घरी धावत असतात. त्यांच्याजवळ पिशवी असते, पोथी असते, कित्येकदा सायकल वा स्कूटर असते. त्यांना लांब दांड्याची राजेशाही छत्री दिली तर ती घरी कोपऱ्यात उभी राहील. दुहेरी घडीची, मजबूत काड्यांची छत्री त्यांना अधिक उपयोगी. तिहेरी घडीची छत्री आणखी लहान होते खरी. पण जितके सांधे अधिक, तितक्या मोडण्याच्या जागा अधिक.

वृद्धांच्या बाबतीत दात्याची सर्वांत जास्त गफलत होते. बटण दाबताच उघडणारी आणि बटण दाबताच मिटणारी छत्री मोठ्या कौतुकाने आजोबांना दिली जाते. उघडताना तिचा हिसका मनगटाला बसतो. मिटल्यावर दांडा पुन्हा आत दाबावा लागतो, आणि तो आतील स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून! थरथरत्या हातांना हे जमत नाही. मग छत्री अर्धवट लोंबत राहते आणि आजोबा ओशाळतात. त्यांना हाताने उघडणारी, मऊ खटक्याची, सरळ दांड्याची आणि मनगटात अडकेल अशा वाकड्या मुठीची छत्री द्यावी. पुष्कळ वृद्ध माणसे छत्रीचीच काठी करतात. देवळाच्या ओल्या फरशीवर छत्रीचे लोखंडी टोक सटकते, म्हणून तेथे रबरी टोपण बसवून घेणे आवश्यक आहे. ते किरकोळ किमतीला मिळते. खरी काठी लागणाऱ्या माणसाला मात्र काठीच द्यावी, छत्री काठीच्या ताकदीची नसते.

बालकासाठी छत्री घेताना काड्यांच्या टोकांना गोल बोंडे आहेत ना, हे पाहावे. मुले छत्र्यांनी लढाया खेळतातच. आकार त्याच्या उंचीला साजेसा असावा. भागवतात बटू वामनाला द्युलोकाने छत्र दिल्याचे वर्णन आहे, आणि आपल्याकडील चित्रांतून ते चिमुकल्या मूर्तीला शोभेल एवढेच रेखाटलेले दिसते. मुलाच्या छत्रीचा रंग भडक असावा, म्हणजे पावसाच्या अंधारात वाहनचालकास तो दुरून दिसेल.

देवळाबाहेर फुले-तुळशी विकण्यास बसणाऱ्या बाईची गरज वेगळीच. ती चालत नाही, दिवसभर एका जागी बसते. हाती धरायची छत्री तिला निरुपयोगी. तिला जमिनीत वा जड बैठकीत रोवता येईल असा दांडा आणि जाड कापडाचे मोठे छत्र हवे. एकट्या घराला हा खर्च अवघड वाटेल. चार घरांनी मिळून तो करावा, दानाचा संकल्प एकत्र करण्यास आडकाठी नाही.

आणि काही माणसांना छत्रीच देऊ नये! भाताची लावणी करणारी बाई कमरेत वाकून दोन्ही हातांनी रोपे लावते. तिचे छत्र म्हणजे इरले. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे, हात मोकळे ठेवणारे. आता पुष्कळ ठिकाणी त्याची जागा प्लास्टिकच्या खोळीने घेतली आहे. अशा घरी मजबूत खोळ दिली, तर तेच तिचे छत्रदान. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याचेही तसेच आहे. ज्याच्या गळ्यात मृदंग, ज्याच्या हाती टाळ वा वीणा, जिच्या मस्तकावर तुळशीवृंदावन, त्यांनी छत्री धरावी कोणत्या हाताने? आषाढी वारीसाठी काही द्यायचे मनात असेल, तर अंगावर घेता येईल असे पावसाळी आवरणच द्यावे.

दानाची म्हणून वेगळी छत्री

काही दुकानांत दानसामग्रीच्या संचात एक छत्री मिळते. ती छत्रीच्या आकाराची असते, एवढेच. वीतभर दांडा, पातळ कापड, उघडताच निखळणाऱ्या काड्या. संकल्प सुटतो, पाणी सोडले जाते, आणि ती वस्तू एक तर माळ्यावर जाते किंवा फिरून त्याच दुकानात येते. सर्वांचीच ऐपत सारखी नसते आणि शास्त्राने यथाशक्ती हा शब्द त्यासाठीच ठेवला आहे. पण ऐपत असलेल्या घराने स्वतःसाठी बाराशेची आणि दानासाठी साठ रुपयांची छत्री घ्यावी, याला यथाशक्ती म्हणता येत नाही. पाच जणांना पाच नाममात्र छत्र्या देण्यापेक्षा एकालाच नीट छत्री द्यावी, असे आमचे मत आहे. वस्तू घेणे जमले नाही तर छत्राप्रीत्यर्थ दक्षिणा देण्याचा प्रघात आहे. ती रक्कम बाजारात खरी छत्री येईल इतकी असावी, सुपारीवर ठेवलेले नाणे नव्हे.

खरेदी शक्यतो चैत्रातच उरकावी. ज्येष्ठात गर्दी वाढली की दुकानदार छत्री उघडून पाहू देण्यास कुरकुरतो. चैत्रात तो निवांत असतो. तेथेच ती पाच-सहा वेळा उघडावी-मिटावी, दांड्यावरची नळी अडखळत नाही ना ते पाहावे, खटक्याला बोट चिमटत नाही ना ते पाहावे. दुरुस्त होऊ शकेल अशी छत्री निवडणे सर्वांत चांगले. सरळ दांड्याच्या छत्रीची काडी रस्त्यावर बसणारा कारागीर हमखास बदलून देतो. तिहेरी घडीच्या छत्रीला तो बहुधा हात लावीत नाही. दान देण्यापूर्वी सांध्यांवर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडून जादा तेल पुसून घ्यावे. हळदकुंकू मुठीला लावावे, कापडाला लावू नये. त्याचा डाग निघत नाही. आणि छत्री हाती देताना बांधून न देता एकदा उघडून, घेणाऱ्यालाही उघडून पाहू द्यावी, म्हणजे जड वाटली तर दुकानातून बदलून आणता येते.