असईचा हत्ती

निलगिरीतल्या वेलिंग्टन छावणीत मद्रास रेजिमेंटचा जवान परेडसाठी टोपी चढवतो, तेव्हा त्या टोपीवर जालना जिल्ह्यातल्या एका गावाचा हत्ती असतो. ढालीवर उभा, सोबत दोन तलवारींची फुली. सैन्यात त्याला आजही ‘असाये एलिफंट’ म्हणतात. असाये म्हणजे आपली असई. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. आणि वेलिंग्टन छावणीचं नावही ज्याच्यावरून पडलं, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्लीच.

संपादकांनी मला लष्करी बिल्ले जमवणाऱ्यांवर आणि त्यांचा खरेखोटेपणा पारखण्याच्या विद्येवर लिहायला सांगितलं होतं. हा धागा हाती लागल्यावर मी बाकीचे बिल्ले बाजूला ठेवले आणि या एका हत्तीच्या मागे गेले. टोपीवरचा दोन-अडीच इंचांचा धातूचा तुकडा नीट वाचायचा, तर काय काय ठाऊक असावं लागतं, हे या हत्तीइतकं दुसऱ्या कोणत्या चिन्हातून कळेल असं मला वाटत नाही.

लढाईची हकीकत थोडक्यात सांगते. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज केळणेच्या पलीकडे उतरलेली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा, बेगम समरूच्या पलटणीही सोबत, आणि तोफा सुमारे १००. जवळपास उतार नाही, असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. एवढी जवळची दोन गावं असतील तर मधून ये-जा असणारच, हा त्याचा तर्क खरा निघाला आणि फौज तिथून पार झाली. पुढचे काही तास भयंकर होते. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून चालवल्या. इंग्रजांकडचे १,५८४ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. ७४ व्या हायलँडर पलटणीतले सुमारे ५०० जण लढाईत उतरले होते, त्यांतले ४०० च्या आसपास कामी आले किंवा घायाळ झाले. जिंकलेल्या तोफा ९८. वॉटर्लूनंतरही वेलिंग्टन असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे.

विजयाचं बक्षीस निशाणाच्या रूपात मिळालं. गव्हर्नर जनरल तेव्हा वेलस्लीचाच थोरला भाऊ रिचर्ड होता. त्याच्या सरकारने असईत लढलेल्या पलटणींना मानाचं एक जादा निशाण दिलं, त्यावर हत्ती आणि ‘असाये’ ही अक्षरं. ते ७४ व्या आणि ७८ व्या हायलँडर पलटणींना मिळालं, १९ व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाला मिळालं, आणि मद्रास फौजेच्या देशी पायदळाला व घोडदळालाही मिळालं. तिथून हत्ती निशाणावरून बिल्ल्यावर, कॉलरवर आणि बटणावर उतरला, आणि जो तो आपला हत्ती घेऊन वेगळ्या वाटेने गेला. १८८१ मध्ये ७४ वी पलटण हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यात थिसलचा तारा, त्यावर मुकुट आणि रणशिंग, त्याखाली ‘असाये’ लिहिलेली पट्टी आणि सगळ्यात तळाशी छोटासा हत्ती. ७८ वी सीफोर्थ हायलँडर्समध्ये गेली. तिथे टोपीवर हरणाचं शिर राहिलं आणि हत्ती कॉलरवर आला. मद्रासच्या जुन्या पायदळ पलटणी १९२० च्या दशकात मोडण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात मद्रास रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, आणि आज हत्ती आहे तो तिच्या टोपीवर.

खरी पारख इथूनच सुरू होते. कारण हिंदुस्थानाशी संबंध आलेल्या ब्रिटिश रेजिमेंटांच्या बिल्ल्यांवर हत्ती सर्रास आढळतो आणि त्यांतला प्रत्येक असईचा नसतो. ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटचंच घ्या. टोपीवर ड्यूकचं कुलचिन्ह, कॉलरवर हत्ती. कोणाही नवशिक्याला वाटेल की वेलिंग्टनची रेजिमेंट आणि हत्ती, म्हणजे असई ठरलेलीच. पण तो हत्ती नीट पाहिला तर त्याच्या पाठीवर अंबारी आहे. तो ७६ व्या पलटणीचा हत्ती. हिंदुस्थानातल्या दीर्घ सेवेबद्दल १८०७ मध्ये ‘हिंदुस्तान’ या अक्षरांसह तिला मिळालेला. १८०३ मध्ये ही पलटण लॉर्ड लेकबरोबर उत्तरेत अलिगड, दिल्ली, लासवारी इथे लढत होती, असईपासून शेकडो कोस दूर. रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सच्या बिल्ल्यावर वाघ आणि हत्ती दोन्ही आहेत. तो हत्ती कर्नाटक आणि म्हैसूरच्या लढायांचा. म्हणून जाणकार संग्राहक हत्ती दिसला की आधी त्याची पाठ बघतो, मग पट्टीवरची अक्षरं आणि मग भोवतीची चौकट. हा क्रम साधा आहे, पण त्यामागे वेगवेगळ्या मोहिमांचा भूगोल पाठ असावा लागतो.

चिन्ह ओळखता आलं तरी धातूची परीक्षा उरतेच, आणि या कामात मला सर्वांत जास्त गुंतवलं ते तिने. बिल्ला पालथा करायचा. खरा जुना ब्रिटिश बिल्ला बहुधा ठशाचा असतो: पोलादी ठशावर धातूचा पत्रा ठेवून वरून जबर दाब दिलेला. त्यामुळे पुढे जो उठाव, त्याचीच पोकळ प्रतिमा मागे उमटते. देवघरातला चांदीचा टाक उलटा करून पाहिला तर जसं दिसतं, अगदी तसं. ओतीव नक्कल मागून सपाट, जड आणि खरखरीत असते. वाळूच्या साच्याचे बारीक खळगे भिंगाखाली स्पष्ट दिसतात. दुसरी गोष्ट मापाची. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन पितळ ओतलं की ते गार होताना आकसतं, म्हणून नक्कल मुळापेक्षा शेकड्याला एक-दोन भाग लहान भरते. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, व्हर्निअर कॅलिपरला जाणवतो. तिसरी गोष्ट मोकळ्या जागांची. हत्तीच्या पायांमधली किंवा पट्टी आणि रणशिंगामधली जागा खऱ्या बिल्ल्यात स्वच्छ कापलेली असते. घाईच्या नकलेत तिथे धातूचा पापुद्रा उरतो किंवा कानशीचे ओरखडे दिसतात.

मग झीज. वर्षानुवर्षं ब्रासोने घासलेला बिल्ला उंचवट्यांवर झिजतो: हत्तीचं गंडस्थळ, सोंडेचं वळण, मुकुटाचे मणी. खोलगट जागी जुन्या पॉलिशची पांढरट पूड आणि काळेपणा साचतो. आम्लात बुडवून ‘जुना’ केलेल्या बिल्ल्याचा रंग उंचवट्यावर आणि खोबणीत सारखाच उतरतो. हाताने घासताना खोबणी आपोआप वाचते आणि आम्ल मात्र काहीच सोडत नाही, हे एकदा लक्षात घेतलं की पुष्कळशा नकला तिथेच बाद होतात. मागची कडीही बोलते. दोन छोट्या कड्या आणि त्यांतून जाणारी पिन, की टोपीच्या घडीत खोवायची सपाट पट्टी? डाख कोणत्या रंगाचा? कडीच्या मुळाशी धातू तापल्याचा डाग आहे का? आणि वरचा मुकुट. एडवर्ड सातव्यापासून सहाव्या जॉर्जपर्यंत राजाच्या मुकुटाचा आकार वेगळा, १९५३ नंतर राणीच्या कारकिर्दीत वेगळा. भारतीय बिल्ल्यांवर प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी सारनाथचे सिंह आले. मुकुट सहाव्या जॉर्जपर्यंतचा आणि धातू चकचकीत अनोडाइज्ड ॲल्युमिनिअम, असा बिल्ला समोर आला तर संशय घ्यायला हवा, कारण ते ॲल्युमिनिअम बिल्ल्यांत रुळलं ते १९५० च्या दशकात.

जालन्याचं बिल्ल्यांशी असलेलं नातं एका हत्तीवर थांबत नाही. १९ व्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या फौजेचं मूळ हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेल्या ब्रिगेडमध्ये आहे. पुढे कंटिंजंट भारतीय सैन्यात सामावली गेली, तिची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट. कुमाऊंच्या बिल्ल्यावर क्रूस धरलेला अर्धा सिंह आहे, तो रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून आलेला. पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. दख्खनच्या छावण्यांत वाढलेल्या फौजेचं चिन्ह आज हिमालयातल्या पोरांच्या टोपीवर आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि जालन्यात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही याची खंतही वाटते.

स्वातंत्र्यानंतर एक अवघड प्रश्न उभा राहिला. देश जिंकून घेण्यासाठी किंवा १८५७ चा उठाव मोडण्यासाठी झालेल्या लढायांचे युद्धसन्मान आपल्या सैन्याने मिरवावेत का? मिरवू नयेत, असं ठरलं, आणि असईचा सन्मान त्यातच मोडतो. चिन्हांच्या बाबतीत निर्णय मात्र वेगवेगळे झाले. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. मद्रासचा हत्ती राहिला. महार रेजिमेंटचा स्तंभ असलेला जुना बिल्ला आज संग्राहकांना हवाहवासा आहे, आणि कित्येक महार कुटुंबांसाठी तो संग्रहातल्या वस्तूपेक्षा फार मोठा आहे. माझं मत विचाराल तर चिन्हं खोडू नयेत. हत्ती राहिला ते बरं झालं, कारण त्याच्यामुळेच असईचं नाव अजून रोज कोणाच्या तरी टोपीवर आहे. पण त्याच रानात तोफेला बिलगून मेलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांसाठी कोणी बिल्ला पाडला नाही, हेही त्या हत्तीसोबत शिकवलं गेलं पाहिजे.

या छंदाची आजची अवस्था पाहिली की काळजी वाटते. सर्वांत कठीण नकला ओतीव नसतातच. मूळ ठसे किंवा त्यांच्याबरहुकूम कोरलेले नवे ठसे वापरून पाडलेले बिल्ले बाजारात फिरतात. त्यांची पाठ पोकळ, माप अचूक, कडा स्वच्छ. कधी मागच्या खोवायच्या पट्टीवर बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँटसारख्या नामांकित कारखान्याचा खोटा शिक्काही असतो. आर्थर किपलिंग आणि ह्यू किंग यांच्या ग्रंथातले अनुक्रमांक संग्राहकांच्या तोंडी असतात, पण चित्राशी जुळणं म्हणजे खरं असणं नव्हे. नकलाकारही तीच चित्रं समोर ठेवून काम करतो.

भारतीय बिल्ल्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. दुसऱ्या महायुद्धात पलटणी भराभर उभ्या राहत होत्या आणि विलायतेहून माल वेळेत येत नव्हता. तेव्हा इथल्या कारागिरांनी वाळूच्या साच्यात पितळी बिल्ले ओतले आणि ते सैनिकांनी खरोखर वापरले. म्हणजे ओतीव तो खोटा, हा ब्रिटिश बिल्ल्यांना लागू पडणारा नियम इथे धोका देतो. ओबडधोबड, खडबडीत पाठीचा बिल्ला एखाद्या शिपायाने बर्मात टोपीवर लावलेला असू शकतो, आणि तसाच दिसणारा दुसरा गेल्या वर्षीचा असू शकतो. धातू तोच, पद्धत तीच, कधी कारागिराचं घराणंही तेच. इथे भिंग आणि कॅलिपर थकतात. उरतो तो फक्त कागद: सेवापुस्तिका, डिस्चार्ज सर्टिफिकेट, टोपीवर बिल्ला लावून काढलेला फोटो, मागे लिहिलेला पलटण क्रमांक.

आणि नेमका तो कागदच आपण टिकवत नाही. आजोबांच्या पेटीतून बिल्ला निघतो, तेव्हा तो आधी चिंच आणि राख लावून लख्ख घासला जातो. शंभर वर्षांची झीज आणि खोबणीतली काळोखी दहा मिनिटांत धुऊन जाते. मग तो भंगाराच्या पितळात किलोवर जातो किंवा एखाद्या हौशी माणसाकडे पोचतो, जिथे कोणाचा, कुठल्या पलटणीचा, हे सांगणारं कोणी उरत नाही. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हे विकणाऱ्याच्या गावी नसतं. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून बिल्ला लावून फिरणं हा गुन्हा आहे, हे विकत घेणाऱ्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

जालना जिल्ह्यात ज्यांच्या घरी कोणी फौजेत होतं, त्यांना माझी विनंती आहे. बिल्ला सापडला तर घासू नका. पुढून आणि मागून फोटो काढा, कडी वाकवू नका, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा: नाव, पलटण, आणि अंदाजे कोणत्या साली. ती चिठ्ठी बिल्ल्याच्याच डबीत ठेवा. पारखणारा माणूस पुढे कधीतरी येईल, आणि धातू पाहण्याआधी तो चिठ्ठी मागेल.