बुरशी जेव्हा देहात शिरते

वाराणसीच्या घाटांवर सकाळी वाहिलेल्या झेंडूच्या फुलांचे सायंकाळपर्यंत निर्माल्य होते. ते एखाद्या ओलसर कोपऱ्यात दोन-चार दिवस पडून राहिले, तर त्यावर पांढुरक्या तंतूंचे जाळे पसरते आणि मागोमाग करडे-काळसर ठिपके उमटतात. हे ठिपके म्हणजे बुरशीच्या बीजाणूंनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या होत. शिळी भाकरी, सडके फळ, शेणखत, भिजलेले लाकूड ह्या सर्वांवर बुरशी वाढते. मृत पदार्थ कुजवून त्यांची पुन्हा माती करणे हे तिचे सृष्टीतील काम आहे.

तिचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. प्रत्येक मनुष्य ते श्वासावाटे रोज आत घेतो आणि त्याला काही अपाय होत नाही. असे असता तीच बुरशी एखाद्या रुग्णाचा डोळा, टाळू आणि प्रसंगी प्राणही का हिरावून घेते? २०२१ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला.

२०२१ चा उन्हाळा

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडची दुसरी लाट ओसंडून वाहत होती. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय हे पूर्व उत्तर प्रदेश व पश्चिम बिहार ह्या विस्तीर्ण प्रदेशाचे मोठे आश्रयस्थान होय. कोविडमधून उठलेले, परंतु चेहऱ्याची एक बाजू सुजलेली, डोळा दुखत असलेला, नाकातून काळसर स्राव येत असलेला, असे रुग्ण तेथे येऊ लागले. त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. रोगाचे नाव म्यूकरमायकोसिस. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले.

२० मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदविण्याची सूचना राज्यांस केली. जुलै अखेरपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण व ४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरात ह्या राज्यांत होते.

तटबंदी कशी ढासळते

निरोगी शरीरात आलेला बीजाणू रक्तातील भक्षक पेशी गिळून टाकतात. मधुमेह हाताबाहेर गेला की ह्या पेशी मंदावतात. रक्तात आम्लता वाढली, तर प्रथिनांशी बांधलेले लोह सुटे होते, आणि लोह हे तर ह्या बुरशीचे आवडते खाद्य. कोविडच्या रुग्णांस फुप्फुसाचा दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड औषधे द्यावी लागत. गंभीर रुग्णांचे प्राण त्यांनी वाचविले हे खरे. परंतु ती रक्तशर्करा वाढवितात आणि प्रतिकारशक्ती दडपतात. आधीच मधुमेह, त्यावर कोविड आणि त्यात अधिक मात्रेत किंवा अधिक दिवस घेतलेले स्टेरॉइड, अशी तिहेरी आपत्ती अनेकांवर ओढवली. हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. तो वाढतो तो रुग्णाच्या दुबळ्या अवस्थेवर.

बीजाणू नाकाच्या पोकळीत रुजला की त्याचे रुंद तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात. तेथे रक्त गोठते, पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. ‘काळी बुरशी’ हे नाव येथून आले. काळेपणा बुरशीचा नसून मेलेल्या मांसाचा असतो. म्हणूनच काळा डाग दिसण्याची वाट पाहणे घातक ठरते. तो दिसतो तेव्हा बुरशी पुष्कळ पुढे गेलेली असते. नाकातून डोळ्याच्या खोबणीत आणि तेथून मेंदूत पोहोचण्यास तिला काही दिवस पुरतात.

उपाय

शंका येताच तज्ज्ञ नाकातील ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रुंद, विरळ पडद्यांचे, जवळजवळ काटकोनात फुटलेले तंतू दिसले की निदान होते. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. तो भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. कित्येकांचा जबडा वा डोळा असा गमवावा लागला आहे.

मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. १९५० नंतरच्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. मातीतून येणाऱ्या शत्रूवरचा उपायही मातीतच लाभला. हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला छिद्रे पाडते, परंतु मूत्रपिंडांसही इजा करू शकते. त्याचा मेदकणांत गुंफलेला प्रकार त्यामानाने सौम्य असतो. २०२१ मध्ये ह्याच प्रकाराचा देशभर तुटवडा पडला.

रुग्णालयाची जबाबदारी

म्यूकर हा एकटाच शत्रू नव्हे. अ‍ॅस्परजिलस ही बुरशीही रक्ताचा कर्करोग झालेल्या किंवा अवयवरोपण केलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत शिरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. तीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही सर्वोच्च गटात असून म्यूकरवर्गीय बुरशी त्याखालच्या गटात आहेत.

जुनी भिंत पाडताना उडणाऱ्या धुळीत असंख्य बीजाणू असतात. म्हणून दुर्बल रुग्णांच्या कक्षाजवळ बांधकाम चालू असेल, तर मध्ये पक्का आडोसा हवा. कक्षातील हवा सूक्ष्म गाळणीतून यावी, गळक्या छताची ओल तत्काळ दूर करावी आणि प्राणवायू ओलसर करणाऱ्या बाटलीत निर्जंतुक पाणीच भरावे.

घरच्यांचे कर्तव्यही थोडके नाही. स्टेरॉइड वैद्याच्या सांगण्यावाचून सुरू करू नये आणि ते चालू असताना रक्तशर्करा वरचेवर तपासावी. मधुमेही वा नुकत्याच आजारातून उठलेल्या रुग्णाचे नाक एका बाजूने चोंदले, गाल दुखू वा बधिर होऊ लागला, दात हलू लागले किंवा एकाची दोन चित्रे दिसू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.