ईश्वरी सार्वभौमत्व, ख्रिस्ती

विश्वावर आणि मानवी इतिहासावर अंतिम सत्ता ईश्वराचीच असून ती त्याच्या न्यायाशी व प्रेमाशी कधीही विसंगत नसते, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा. ईश्वराने विश्व निर्माण करून ते वाऱ्यावर सोडून दिलेले नाही. तो त्याचे धारण करतो, त्यातील घटकांच्या कार्यात सहभागी होतो आणि सर्व घटनांना आपल्या हेतूकडे नेतो, असे या श्रद्धेचे तीन पैलू धर्मशास्त्रात सांगितले जातात. सुस्थितीत ही श्रद्धा फारशी कसोटीला लागत नाही. युद्ध, रोगाची साथ, दुष्काळ, भूकंप, कारावास किंवा स्वजनांचा मृत्यू अशा प्रसंगी मात्र तिच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ईश्वर सर्वसमर्थ आणि प्रेमळ असेल, तर निरपराध्यांच्या वाट्याला दुःख का यावे? आणि सर्व काही त्याच्या हाती असेल, तर माणसाने करावयाचे ते काय? यांपैकी पहिल्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत सर्वमान्य झालेले उत्तर नाही. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र संकटांच्या अनुभवातूनच तिची भूमिका घडत गेली : ईश्वरावर भार टाकणे म्हणजे तक्रार न करणे नव्हे आणि हातपाय गाळून बसणेही नव्हे.

नियतिवादाहून भेद : प्राचीन ग्रीक व रोमन जगात स्टोइक तत्त्वज्ञांनी विश्वातील अटळ कार्यकारणशृंखलेचा स्वीकार करून मनाची समता राखण्याचा उपदेश केला होता. ख्रिस्ती विचार याहून दोन बाबतींत वेगळा आहे. त्याच्या मते इतिहासामागे निर्विकार नियती नसून, ज्याची प्रार्थना करता येते आणि ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडता येते असा सगुण ईश्वर आहे. तसेच मानवी कृतीला खरे मोल असून तिचे उत्तरदायित्व माणसावरच राहते. भारतीय कर्मसिद्धांताशी तुलना केली, तर पूर्वजन्मातील कर्माचे फळ हे दुःखाचे स्पष्टीकरण ख्रिस्ती विचाराला उपलब्ध नाही, कारण त्यात पुनर्जन्म मानलेला नाही. त्यामुळे निरपराध्याच्या दुःखाचा प्रश्न त्याच्यापुढे अधिकच तीव्रतेने उभा राहतो.

बायबलमधील आधार : जुन्या करारातील ‘उत्पत्ती’ या पुस्तकात योसेफाची कथा आहे. भावांनी त्याला मत्सरापोटी विकले. पुढे तोच मिसर देशाचा अधिकारी होऊन दुष्काळात त्याच भावांचा पोशिंदा ठरला. भावांचे कृत्य दुष्टपणाचेच होते, हे ही कथा लपवत नाही. मात्र त्या दुष्टपणाला शेवटचा शब्द मिळाला नाही, असे ती सांगते. ‘ईयोब’ या पुस्तकात संपत्ती, संतती व आरोग्य गमावलेल्या सज्जनाला त्याचे मित्र सुचवितात, की हे त्याच्या पापाचेच फळ असावे. शेवटी ईश्वराचा ठपका येतो तो या मित्रांवर; ईश्वराला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे विलापाची आहेत. यावरून तक्रार ही श्रद्धेच्या विरुद्ध टोकाची गोष्ट नसून श्रद्धेचीच एक भाषा आहे, हे दिसून येते.

यहुदी लोकांवर बाबेलच्या साम्राज्याकडून कोसळलेली आपत्ती या दृष्टीने निर्णायक ठरली. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेममधील अनेकांना बंदी करून बाबेलला नेण्यात आले आणि पुढे सु. दहा वर्षांनी शहर व मंदिर यांचा विध्वंस झाला. लवकरच सुटका होईल, असे आश्वासन काही संदेष्टे देत होते. यिर्मया या संदेष्ट्याने मात्र बंदिवानांना पत्र लिहून घरे बांधण्याचा, मळे लावण्याचा, संसार थाटण्याचा आणि ज्या परक्या नगरात आपण आहोत त्याचे हित साधण्याचा सल्ला दिला. खोटा दिलासा नाकारूनही आशा टिकविणारी ही भूमिका पुढील सर्व विचाराला पायाभूत ठरली. याच काळाच्या सुमारास हबक्कूक या संदेष्ट्याने हिंसा व अन्याय यांकडे ईश्वर स्वस्थ का पाहत राहतो, असा थेट प्रश्न केला. शेतीवाडी व गुरेढोरे यांपैकी काहीही हाती उरले नाही, तरी ईश्वराच्या ठायी आनंद मानण्याच्या निर्धाराने त्याच्या पुस्तकाचा शेवट होतो.

नव्या करारात येशू ख्रिस्ताने आपत्ती आणि पाप यांचे सरळ समीकरण नाकारले आहे. बुरूज कोसळून मेलेली १८ माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती आणि जन्मांधाचे अंधत्व त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे आलेले नव्हते, असे त्याने स्पष्ट केले. वधापूर्वीच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने संकट टळावे अशी प्रार्थना केली आणि मग पित्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा समर्पित केली. क्रुसावर मात्र त्याने ईश्वराने आपल्याला का टाकले, असा आक्रोश केला. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ईश्वराच्या सत्तेचा खरा अर्थ या क्रुसावरूनच लावावयाचा असतो : ती सत्ता दुःखापासून दूर राहणाऱ्या सम्राटाची नसून दुःखात उतरणाऱ्या ईश्वराची आहे. प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात क्लेश, छळ, दुष्काळ व तलवार यांची नावानिशी गणना केली आहे. ती श्रद्धावंताच्या वाट्याला येणारच नाहीत असे तो म्हणत नाही. ती त्याला ईश्वराच्या प्रेमापासून तोडू शकणार नाहीत, एवढेच तो सांगतो.

प्राचीन व मध्ययुगीन विचार : तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात पसरलेल्या साथीत ख्रिस्ती लोकही इतरांप्रमाणेच मरू लागले, तेव्हा अनेकांचा विश्वास डळमळला. कार्थेजचा बिशप सेंट सिप्रिअन (मृ. २५८) याने मृत्यूविषयीच्या आपल्या लेखनात श्रद्धा म्हणजे रोगापासून मिळालेली सूट नव्हे, असे प्रतिपादन केले. साथीत रोग्यांची शुश्रूषा करण्याचे आवाहनही त्याने आपल्या मंडळीला केले.

इ. स. ४१० मध्ये ॲलरिकच्या नेतृत्वाखाली व्हिसिगॉथ लोकांनी रोम लुटले. जुन्या देवतांचा त्याग केल्यामुळेच हा अनर्थ ओढवला, या आरोपास उत्तर म्हणून सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने देवनगरीविषयीचा आपला २२ खंडांचा ग्रंथ सु. ४१३ ते ४२६ या काळात लिहिला. ऐहिक सुखदुःखे सज्जन व दुर्जन या दोघांच्याही वाट्याला येतात. फरक पडतो तो दुःख सोसणाऱ्याच्या वृत्तीत, असे त्याने म्हटले. कोणतेही राज्य, मग ते ख्रिस्ती सम्राटाचे का असेना, ईश्वराच्या राज्याशी एकरूप नसते, हा त्याचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. व्हँडल टोळ्यांचा वेढा हिप्पो या त्याच्या नगराला पडलेला असतानाच त्याचा मृत्यू झाला.

सेंट टॉमस अक्वाय्नस (१२२५–७४) याने या श्रद्धेला तात्त्विक बैठक दिली. ईश्वर हे आद्य कारण असले, तरी तो निसर्गनियम व मानवी इच्छा या दुय्यम कारणांच्या द्वारे कार्य करतो आणि ती कारणे खरीखुरी असतात, असे त्याचे मत होते. या भेदामुळे वैद्याचे औषध आणि ईश्वराची कृपा हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरत नाहीत.

धर्मसुधारणेचा काळ : १५२७ मध्ये व्हिटेनबर्ग येथे प्लेगची साथ आली आणि तेथील विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) मात्र तेथेच राहिला व त्याने आपल्या घरात रुग्णांना आश्रय दिला. प्लेगपासून पळून जावे काय, या प्रश्नावर त्याने त्या वर्षी एक पत्ररूप पुस्तिका लिहिली. धर्मोपदेशक, अधिकारी, रुग्णसेवक यांसारखी ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे त्यांनी ठिकाण सोडू नये. इतरांनी जाण्यास प्रत्यवाय नाही, असे त्याने त्यात म्हटले. औषध नाकारणे, धुरी न देणे व विनाकारण संसर्गाच्या जागी जाणे ही श्रद्धा नसून ईश्वराची परीक्षा पाहणे होय, असेही त्याने बजाविले.

जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याच्या ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरील ग्रंथात (१५३६, अंतिम लॅटिन आवृत्ती १५५९) ईश्वरी सार्वभौमत्वाला मध्यवर्ती स्थान आहे. तथापि ज्या ईश्वराने आयुष्याची मर्यादा ठरविली, त्यानेच त्याची काळजी घेण्याची बुद्धी व साधनेही दिली आहेत. म्हणून सावधगिरी हा अविश्वास नव्हे, असे त्याने आवर्जून सांगितले. त्याच परंपरेतील हायड्लबर्ग प्रश्नोत्तरीत (१५६३) या श्रद्धेचा उपयोग कोणता, असा प्रश्न असून प्रतिकूल काळात धीर, अनुकूल काळात कृतज्ञता व भविष्याविषयी भरवसा, असा उत्तराचा आशय आहे. कोणाचे तारण व्हावयाचे हे ईश्वराने आधीच ठरविले आहे काय, यावर मात्र कॅल्व्हिनचे अनुयायी आणि याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) याचे अनुयायी यांच्यात तीव्र वाद झाला. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध निर्णय दिला, तरी मानवी स्वातंत्र्याला अधिक वाव देणारे मत ख्रिस्ती जगात टिकून राहिले.

लिस्बनचा भूकंप : १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये उपासनेला जमले असताना लिस्बन शहर भूकंपाने हादरले, पाठोपाठ समुद्राच्या प्रचंड लाटा व आगी यांनी विध्वंस पुरा केला. विद्यमान विश्व हे सर्व शक्य विश्वांत उत्तम आहे, असे लायप्निट्सने १७१० मध्ये प्रतिपादिले होते. त्या आशावादावर व्हॉल्तेअरने भूकंपावरील कवितेत (१७५६) व कांदीद  (१७५९) या कथेत घणाघाती टीका केली. ही शहराच्या पापांची शिक्षा होय, असे काही धर्मोपदेशक सांगत होते. उलट कांटने १७५६ मधील निबंधांत भूकंपाची नैसर्गिक कारणे शोधण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक आपत्तीमागील ईश्वराचा हेतू आपल्याला वाचता येतो, हा दावा या घटनेनंतर सुशिक्षित यूरोपात पूर्वीसारखा सहज करता येईना.

विसावे शतक : जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा ‘जर्मन ख्रिस्ती’ या गटाने त्यात ईश्वराचा हात असल्याचे घोषित केले. सार्वभौमत्वाच्या श्रद्धेचा हा उघड दुरुपयोग होता. याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन येथे काढलेल्या जाहीरनाम्यात, प्रामुख्याने कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याच्या लेखणीतून, ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला अंतिम निष्ठा देण्यास नकार देण्यात आला. ईश्वर सार्वभौम आहे याचाच अर्थ हुकूमशहा सार्वभौम नाही, असा येथे श्रद्धेचा राजकीय आशय प्रकट झाला.

या विचाराची किंमत डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) या धर्मशास्त्रज्ञाने प्राण देऊन मोजली. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहणे शक्य असतानाही तो मायदेशी परतला, हिटलरविरोधी गुप्त गटात सामील झाला, एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्यूर्क येथील छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. त्याची तुरुंगातील पत्रे १९५१ मध्ये प्रतिकार आणि समर्पण  अशा अर्थाच्या जर्मन शीर्षकाने प्रसिद्ध झाली. दैवाचा प्रतिकार कोठवर करावा आणि त्यापुढे मान केव्हा तुकवावी, ही सीमा तत्त्वतः आखता येत नाही. दोन्ही वृत्ती श्रद्धेला आवश्यक आहेत, असा विचार त्याने त्यांत मांडला. यूर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) याने किशोरवयात १९४३ मधील हँबर्गवरील बाँबवर्षाव अनुभवला होता. क्रुसावरील ईश्वराविषयीच्या १९७२ मधील ग्रंथात त्याने दुःखापासून अलिप्त राहणाऱ्या ईश्वराची कल्पना त्याज्य ठरविली.

महाराष्ट्रातील उदाहरण : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील व थोरली बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात मरण पावली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वतः दुष्काळाची झळ सोसलेल्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन सु. ३०० मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला. १९०० मधील दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो जणी आल्या. पुण्याजवळील केडगाव येथील ‘मुक्ती’ या संस्थेत त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छपाई इ. उद्योग सुरू करण्यात आले. खर्चासाठी प्रार्थनेवर भिस्त ठेवण्याची रमाबाईंची रीत होती आणि तीत ब्रिस्टल येथे अनाथालये चालविणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. पण या भिस्तीने त्यांना निष्क्रिय केले नाही. १८९७ मधील प्लेगच्या वेळी रुग्ण स्त्रियांच्या सरकारी व्यवस्थेतील दोषांवर त्यांनी जाहीर टीका केली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाल्यानंतरही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले व आयुष्याच्या अखेरीस ते पूर्णत्वास नेले.

आक्षेप व मूल्यमापन : सर्व काही ईश्वराच्या इच्छेने घडते असे शिकविल्यास पीडितांना अन्याय सोसण्याची सवय लागते, हा या श्रद्धेवरील प्रमुख आक्षेप होय. तो निराधार नाही. गुलामगिरीच्या व वर्णविद्वेषाच्या समर्थनासाठी या श्रद्धेचा आधार घेतला गेला आहे. दक्षिण आफ्रिकेत १९८२ मध्ये मांडलेल्या व १९८६ मध्ये स्वीकारलेल्या बेल्हार श्रद्धानाम्याने मात्र ईश्वर अन्यायग्रस्तांच्या बाजूने उभा राहतो, असे घोषित करून त्याच श्रद्धेच्या आधारे वर्णभेदाच्या धार्मिक समर्थनाला विरोध केला. दुसरा आक्षेप तार्किक आहे : सर्वसमर्थता, प्रेम व दुःखाचे अस्तित्व या तिहींचा मेळ बसत नाही. काही आधुनिक विचारवंत ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा मानतात. इतर मानवी स्वातंत्र्यावर भर देतात. आणखी काही हे गूढ उकलत नसल्याचे मान्य करतात.

कोव्हिड-१९ च्या साथीत २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) यांनी रोममधील सेंट पीटर चौकात भर पावसात, एकाही यात्रेकरूच्या उपस्थितीविना प्रार्थना केली. प्रवचनासाठी त्यांनी मार्ककृत शुभवर्तमानातील वादळाचा प्रसंग निवडला होता. त्या प्रसंगात नौका बुडण्याच्या बेतात असताना येशू निजलेला असतो आणि आमची पर्वा नाही काय, असे शिष्य त्याला विचारतात. शिष्यांचा हा प्रश्न शुभवर्तमानाने गाळलेला नाही. ख्रिस्ती परंपरेत ईश्वरी सार्वभौमत्वावरील भरवसा या प्रश्नाला टाळून नव्हे, तर त्याच्यासह टिकून राहिला आहे. त्याची पारख दुःखाच्या स्पष्टीकरणापेक्षा, संकटात माणूस खोटा दिलासा नाकारतो काय आणि शेजाऱ्याच्या मदतीला उभा राहतो काय, यांवरून अधिक होते.