परदेशातील घरगुती मुक्काम : भाड्याआधी जिना विचारा

फेब्रुवारी-मार्च उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडला चाललोय. गोळ्या किती महिन्यांच्या घेऊ?’’ प्रश्न योग्यच आहे. पण तिकडे चार-आठ दिवस फिरायला जाल तेव्हा उतरणार कुठे, असे मी विचारले की उत्तर मिळते, ‘‘ते जावयांनी मोबाईलवरून बुक केलंय. कुठलंसं बेड अँड ब्रेकफास्ट आहे, स्वस्तात मिळालं.’’

बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली आणि सकाळची न्याहारी. नाशिककरांना ही कल्पना नवी नाही. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीसाठी आलेले कित्येक यजमान तीन दिवस गुरुजींच्या घरीच उतरतात, जेवतात. आपल्या राज्यातही निवास-न्याहारी योजना आहे. हॉटेलपेक्षा माणसांची ऊब अधिक, खर्च कमी. तेव्हा जाऊ नका असे मी कधीच सांगत नाही. पण खोली नोंदवताना भाडे आणि फोटो पाहून भागत नाही. साठीपुढच्या माणसाने तब्येतीच्या दृष्टीने काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट जिना. इंग्लंडातली अशी घरे बहुधा जुनी, अरुंद आणि उंच. लंडनला गेलेले आपले लोक १०, किंग हेनरीज रोड येथे आवर्जून जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती वास्तू घेतली. ती पाहिली की अशा उभ्या, अनेक मजली घरांची कल्पना येते. पाहुण्यांच्या खोल्या वरच्या मजल्यांवर, जिना चिंचोळा, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईंनी जड बॅग घेऊन तीन मजले चढायचे म्हणजे सहलीचा पहिलाच दिवस वाया. म्हणून तळमजल्याची खोली मागावी. अमेरिकेत मात्र तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, हे ध्यानात ठेवा.

संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, हेही विचारा. काही घरांत ते सामाईक असते. प्रोस्टेटच्या त्रासाने रात्री तीनदा उठणाऱ्या गृहस्थाने अनोळखी घरात अंधारात जिना उतरणे म्हणजे मांडीचे हाड मोडण्याला आमंत्रण. आंघोळीसाठी पुष्कळदा उंच काठाचा टब असतो. आपण पाटावर बसून बादलीने आंघोळ करणारी माणसे, ओल्या टबात पाय टाकताना घसरणारच. नुसता शॉवर आहे का, धरायला दांडा आहे का, हे विचारायला लाजू नका. घरमालकांना असे प्रश्न सवयीचे असतात.

आता न्याहारी. माझ्या मते सर्वांत मोठा धोका इथेच आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी न्याहारीआधी घेणारे. मे महिन्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. नाशिकला साडेसातला खाणाऱ्याच्या पोटात तिकडे पहाटे तीनलाच कावळे ओरडू लागतात. गुरुजी तीनला उठून बसले. कसेबसे सात वाजवले आणि सवयीने गोळी घेतली. न्याहारी होती साडेआठला. ताटात डुकराचे मांस, सॉसेज, अंडी! हे पक्के शाकाहारी. दोन टोस्ट चहाबरोबर खाल्ले आणि तसेच टेकडी चढायला निघाले. साडेदहाला दरदरून घाम, हातापायांना कापरे, बोलणे असंबद्ध. बाईंचे प्रसंगावधान असे की खोलीतल्या चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या त्यांनी पर्समध्ये टाकल्या होत्या. त्या पाण्यात घालून पाजल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत गुरुजी माणसात आले.

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की असे होते. शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब तीन-चार चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तिकडचे डॉक्टर साखर वेगळ्या मापाने सांगतात. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो, म्हणजे त्यांचे १० हे आपले १८०.

तेव्हा न्याहारी किती वाजता, हे नोंदवतानाच विचारा. गोळी किंवा इन्सुलिन घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधा, आणि वेळा कशा बदलायच्या ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहाटेच्या भुकेसाठी खाकरा, फुटाणे जवळ असू द्या. नुसते ‘व्हेज’ लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडी चालत नाहीत असे स्पष्ट कळवावे. जैन मंडळींनी कांदा-बटाट्याचेही लिहावे. ओट्सची लापशी, बीन्स, मशरूम, टोमॅटो हे बहुतेक ठिकाणी मिळते. मधुमेह्यांना लापशी चांगली, साखर वरून घालू नये एवढेच. शेंगदाण्याची वगैरे अॅलर्जी असेल तर आधी कळवणे अत्यावश्यक.

इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि गोठलेले निकामी होते. खोलीत फ्रिज बहुधा नसतो. न उघडलेले इन्सुलिन घरमालकांच्या फ्रिजमध्ये ठेवू देतील का, ते विचारा. मात्र बर्फाच्या कप्प्यात नको. वापरातले पेन साधारण चार आठवडे खोलीत चालते, फक्त हीटरजवळ ठेवू नका.

मुंबईहून लंडन साडेनऊ-दहा तासांचा प्रवास, त्यात अधूनमधून उठून चालावे. विमान सकाळी उतरते आणि खोली मिळते दुपारी! लवकर येऊ दिले जाईल का, निदान सामान ठेवता येईल का, याचे उत्तर लेखी घ्या.

विम्याबद्दल थोडेसे. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही, म्हणून लोक टाळतात. तिथे तातडीच्या विभागातले उपचार मोफत आहेत, पण दाखल करावे लागले तर परदेशी पाहुण्याकडून नेहमीच्या दराच्या दीडपट रक्कम घेतली जाते. विमा घेताना साखर, रक्तदाब लपवू नका. लपवलेत तर नेमका गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

खोलीत पोहोचताच घराचा पत्ता, पोस्टकोड आणि आपल्या औषधांची मूळ नावे एका कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेसाठी ९९९ आणि इंग्लंडात साध्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक आहेत. फोन लावला की पलीकडून पत्ता विचारतातच.